आधी ताट दाखवा!

शाकाहार चांगला की मांसाहार, हा विषय कुठेही निघाला की मी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या ताटाकडे पाहते. लग्नाच्या पंगतीत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, कुठेही. सवय चांगली नाही हे मला कळतं. पण ती पगारे सिस्टरांनी लावली आहे, आणि त्यांनी लावलेल्या सवयी सुटत नाहीत.

गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत आमची चार मजली बिल्डिंग आहे. सिस्टर दुसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या समोर राहायच्या. सगळं आयुष्य सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून काढून निवृत्त झालेल्या. आधी सुरगाण्याकडच्या डोंगरात, मग मालेगावला, शेवटची वर्षं नाशकात. माहेर सटाण्याजवळच्या खेड्यातलं. मिस्टर एस.टी.त कंडक्टर होते, ते फार लवकर गेले. एक मुलगी, लग्न होऊन पुण्याला. उंचीने बेताच्या, अंगाने भरभक्कम, आणि आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पेशंटला गोळी घ्यायला लावावी.

त्यांना माणूस भेटला की "कसे आहात" असं त्या विचारत नसत. सरळ अंगठा पुढे करून डोळ्याची खालची पापणी ओढून बघत. लाल दिसली तर "बरं आहे". फिकी दिसली तर लिफ्टमध्येच चौकशी सुरू. आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या तेव्हा माझ्या धाकट्या जावेची आधी पापणी ओढली, मग तिळगूळ घेतला. एका लग्नात त्यांनी स्टेजवर जाऊन नवरीच्या डोळ्यात बघितलं आणि नवऱ्या मुलाला सांगितलं, "हिला हनिमूनला कुठंही ने, पण आधी हिमोग्लोबिन बघून घे." फोटोग्राफरने तो फोटो काढला. अल्बममध्ये आहे म्हणतात.

दुसरी सवय झाकणं उचलण्याची. कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरून पातेल्यावरचं झाकण उचलायचं, आत बघायचं आणि ठेवून द्यायचं. माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा याचा राग आला होता. पण सिस्टर झाकण उचलून "वा, शेपू!" म्हणाल्या, आणि आमच्या घरात शेपूला वा म्हणणारं माणूस पहिल्यांदाच आल्यामुळे सासूबाई विरघळल्या.

या बिल्डिंगचे चेअरमन पाराशरे काका. बँकेतून रिटायर झालेले, गोरेपान, सडपातळ, पोट मात्र वेगळं पुढे आलेलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं सांभाळायला घेतलंय. लहानपण सगळं पंचवटीत गेलेलं. काकांचा शाकाहारावर गाढ विश्वास. शाकाहाराने राग कमी होतो, केस पांढरे होत नाहीत, गुडघे दुखत नाहीत असं ते सांगत. सांगताना गुडघा चोळत. रोज सकाळी सात वाजता बिल्डिंगच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज यायचा. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला सिंह, आणि खाली, कोण जास्त जगतो.

सिस्टर राहायला आल्या त्याच आठवड्यात काकांनी त्यांना लिफ्टमध्ये गाठलं. मी भाजीच्या पिशव्या घेऊन कोपऱ्यात उभी होते.

"सिस्टर, एक विचारू का? तुमच्यात ते... खाण्यापिण्याचं कसं असतं?"

"व्यवस्थित असतं," सिस्टर म्हणाल्या. "दोन वेळा. दुपारी आणि रात्री."

"नाही, म्हणजे आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक सगळे शाकाहारी आहेत, म्हणून म्हटलं."

"असू द्या की. माझी काही हरकत नाही."

दुसरा मजला आला. सिस्टर उतरल्या. काका चौथ्यावर राहत, पण तेही चुकून दुसऱ्यावरच उतरले.

बहुतेक सगळे शाकाहारी, हे काही खरं नव्हतं. आमचंच सांगते. आम्ही निफाडकडचे, शेतकरी घरातले. आमच्याकडे मटण चालतं, पण कॅलेंडर बघून. सोमवारी शंकर, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती, शिवाय चतुर्थी, एकादशी, श्रावण आणि नवरात्र. उरलेल्या दिवसांत ज्या दिवशी गॅसची शेगडी स्वच्छ असेल आणि सासूबाईंचा मूड बरा असेल त्या दिवशी. तेव्हा या वादात आम्ही कुठल्या बाजूला होतो हे आम्हालाही ठरवता यायचं नाही. पहिल्या मजल्यावरचा विकी बोराडे मात्र स्पष्ट होता. तो जिममध्ये ट्रेनर, आणि दिवसातून पाच वेळा उकडलेलं चिकन खायचा. काकांच्या हत्तीला तो ग्रुपवर रोज सिंहाने उत्तर द्यायचा.

एकदा गणपतीत दुपारच्या महाप्रसादाला हे दोघं समोरासमोर आले. वाद पेटला. सिंह गवत खातो का, हत्ती काय चिकन खातो, असं सुरू झालं. सिस्टर पलीकडे बसून काकडीच्या चकत्या खात होत्या. त्या म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्यातला हत्ती कोण आणि सिंह कोण? तुम्ही दोघंही लिफ्टशिवाय घरी जात नाही. हा विकी तर पहिल्या मजल्याला लिफ्ट लावतो. जिमला जायला!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "सिस्टर, थट्टा सोडा. तुम्ही वैद्यकीय क्षेत्रातल्या. शाकाहार श्रेष्ठ की नाही ते सांगा."

"आधी ताट दाखवा."

काकांनी ताट पुढे केलं. पाच पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड, पापड, साखरेच्या पाकातली बुंदी आणि पुन्हा श्रीखंड.

सिस्टरांनी चष्मा वर केला. "यात शाक कुठंय, साहेब?"

"हा काय बटाटा."

"तुम्ही शाकाहारी नाही. साखराहारी आहात."

मग त्यांनी विकीचं ताट ओढलं. महाप्रसादाला तो भात-पोळी काही घेत नसे, नुसतं पनीर वेचून खात होता. "आणि तू? तुझ्या ताटात हिरवं काय आहे? तुझा टी-शर्ट तेवढा."

त्या दिवसापासून "आधी ताट दाखवा" हे बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे सिस्टरांचं स्वतःचं ताट मी पुष्कळदा पाहिलंय. बुधवारी सुकट किंवा बोंबील, रविवारी काळ्या मसाल्याचं मटण. बाकी पाच दिवस बाजरीची नाहीतर नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, पालेभाजी, मुगाची नाहीतर मटकीची उसळ, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. रविवारचं मटण मात्र बघण्यासारखं असे. चरबीचा तुकडा दिसला की त्या त्याला "साहेब" म्हणत आणि शेवटी खायला राखून ठेवत.

मी एकदा विचारलंच होतं. त्या आमच्याकडे मेथी निवडायला बसल्या होत्या.

"सिस्टर, खरं सांगा. जास्त आजारी कोण पडतं? शाकाहारी की आपण?"

"वॉर्डात दोन्ही यायचे," त्या म्हणाल्या. "तूप खाऊन आलेले, मटण खाऊन आलेले. खाटा शेजारी शेजारी. पण सुरगाण्याला असताना बाया यायच्या बाळंतपणाला. पापणी ओढली की कागदासारखी पांढरी. मी नवीन होते. विचारायचे, काय खाते बाई? ती म्हणायची, मीठ-भाकर. उद्या? मीठ-भाकर. एक तर म्हणाली, सिस्टर, कोंबडी खाऊ का पालेभाजी खाऊ, तुम्ही सांगाल ते खाते, आणून तेवढं द्या." सिस्टरांनी मेथीची एक काडी मोडली. "तेव्हापासून हा वाद कुणी घातला की मला आधी ताट बघावंसं वाटतं. भरलेलं असलं तरच माणसाला वाद सुचतो."

एवढं बोलून त्यांनी माझ्या निवडलेल्या मेथीत हात घातला आणि "ही काय निवडलीस, दांडे तसेच," म्हणून ती सगळी परत निवडली.

मग ते बोंबील प्रकरण झालं. एका बुधवारी सिस्टरांनी बोंबील भाजले, आणि नेमक्या त्याच दिवशी काकांकडे पंचवटीहून त्यांच्या मोठ्या वहिनी आल्या. लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून आल्यावर वहिनींनी नाकाला पदर लावला, आणि चौथ्या मजल्यापर्यंत तो काढला नाही. वर जाऊन त्या काय बोलल्या ते माहीत नाही, पण चार दिवसांनी नोटीस बोर्डावर कागद लागला. "सर्व सभासदांच्या आरोग्याच्या दृष्टीने आपली इमारत संपूर्ण शाकाहारी करण्याबाबत ठराव." रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग.

मी तो कागद वाचत होते तेव्हा सिस्टर मागून आल्या. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचलं. एकदा. मग पुन्हा. त्या चिडल्या की त्यांच्या तोंडून माहेरची अहिराणी निघायची. "हाई काय शे?" एवढंच म्हणाल्या. आणि पिशवी घेऊन वर गेल्या. त्या दिवशी झाकणं उचलायला त्या कुणाकडे गेल्या नाहीत.

रविवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. काकांनी ठराव वाचला. मांसाहाराने रक्त बिघडतं, रक्तदाब वाढतो, विचार दूषित होतात, असं सविस्तर सांगितलं. मग "कुणाला काही बोलायचंय?" असं विचारलं. सगळे गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचू लागले. मीसुद्धा. आमच्या घरात आदल्याच रविवारी चिकन झालं होतं, आणि मी समोरच्या स्कूटरचा नंबर पाठ करत होते. हे आजही आठवलं की मान खाली जाते.

सिस्टर उठल्या. "आरोग्याचं कारण लिहिलंय ना, साहेब?"

"हो. फक्त आरोग्याचं."

"मग सोपं आहे. रक्त तपासू. माझ्या ओळखीचा लॅबवाला आहे, पुढच्या रविवारी सकाळी उपाशीपोटी सगळ्यांचं रक्त घेईल. ज्याला आपला रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचू द्यायचा असेल त्याने आत्ता हात वर करा. बाकीच्यांना बंद पाकीट."

स्वतःचा हात त्यांनी वर केलाच होता. विकीने दोन्ही हात वर केले, दंड दिसतील असे. काका चेअरमन असल्यामुळे त्यांना हात वर करावाच लागला.

पुढच्या रविवारी आमच्या पार्किंगला जत्रेचं रूप आलं. सगळे उपाशी, त्यामुळे सगळे चिडलेले. विकी सुई बघून पांढरा पडला आणि त्याला चटईवर आडवं करावं लागलं. त्याचा हात काकांनी धरला. हत्तीने सिंहाला धीर दिला, असं कुणीतरी ग्रुपवर टाकलं.

तीन दिवसांनी संध्याकाळी रिपोर्ट आले. सिस्टर पार्किंगच्या मधोमध उभ्या राहिल्या. पहिलं पाकीट विकीचं. युरिक ॲसिड वाढलेलं. "पाणी कमी पितो आणि कोंबड्यांच्या मागे लागतो," असा निकाल त्यांनी दिला. दुसरं काकांचं. साखर वाढलेली, आणि बी-ट्वेल्व्ह इतकं कमी, की सिस्टरांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला. "साहेब, हातापायाला मुंग्या येतात का?"

"ते... योगासनांमुळे येतात," काका म्हणाले.

तिसरं पाकीट सिस्टरांचं. त्यांनी ते फोडलं, वाचायला तोंड उघडलं आणि थांबल्या. चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला. कागद परत पाकिटात घालून काहीही सांगता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वाईट कोलेस्टेरॉल पुष्कळ वाढलेलं. पगारे, सुमन. म्हणजे माझं."

मग काका उठलेच. "बघा! मी काय म्हणत होतो!"

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून पाराशरे काकू बोलल्या. काकू म्हणजे मुठीएवढी बाई, मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारी. त्या म्हणाल्या, "अहो, तुमची साखर."

एवढा हशा पिकला की काका खाली बसले. हसणं ओसरल्यावर सिस्टर म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज वॉर्डातला नव्हता, अगदी साधा होता, "साहेब, आरोग्याचं झालं. तुमचंही बिघडलंय, माझंही बिघडलंय. आता ठरावाला दुसरं काही कारण असेल तर तेही मांडा. मी बसते."

आणि त्या खुर्चीवर बसल्या. दोन्ही हात मांडीवर. दुसरं कारण काय असू शकतं हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, काकांनाही. लिफ्टमधलं ते "तुमच्यात" मला आठवलं. काकांनी ठरावाचा कागद घेतला, त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि तो खिशात ठेवून म्हणाले, "पुढचा विषय, पाण्याची टाकी."

यानंतर कुणालाही वाटेल की दोघांचं बोलणं बंद झालं असेल. झालं उलटंच. काकांना बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं लिहून दिली होती, आणि बिल्डिंगमध्ये सुई टोचणारं माणूस एकच. पहिल्या दिवशी काका दंड उघडा करून बसले आणि त्यांनी विचारलं, "सिस्टर, हे कशापासून करतात हो?"

"जंतूंपासून."

"म्हणजे शाकाहारी म्हणायचं ना?"

"जंतू काय खातात ते मी विचारलं नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि सुई घातली.

सिस्टरांनीही आपल्या रिपोर्टचा मान ठेवला. रविवारचं मटण दोन फोडींवर आलं, आणि चरबीचा तो "साहेब" कायमचा रिटायर झाला. "दुसऱ्यांची ताटं बघते, तर माझं कोण बघणार?" असं म्हणून त्यांनी आपला रिपोर्ट फ्रिजच्या दारावर चिकटवला.

पुढच्या वर्षी काकू आजारी पडल्या. गर्भाची पिशवी काढण्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण रक्त आधीच कमी, त्यात अन्नावरची वासना उडालेली. घरी आल्यावर त्या पलंगावरून उठेनात. चार घास खाल्ले तर पुष्कळ. तपासायला नेल्यावर डॉक्टर म्हणाले, ताकद यायला हवी, चालत असेल तर अंडं द्या. काकू म्हणाल्या, "नको." डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. काकू पुन्हा म्हणाल्या, "नको."

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी, मी सिस्टरांकडे कढीपत्ता मागायला गेले होते. बेल वाजली. दारात पाराशरे काका. कपाळावर घाम, आणि छातीशी कापडी पिशवी. त्यांची देवपूजेच्या फुलांची पिशवी होती ती. त्यांनी आत येऊन दार लावून घेतलं, मला पाहून दचकले, पण मागे फिरले नाहीत. पिशवीत हात घालून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. उलगडलं. अंडी होती. डझनभर.

"सिडकोत जाऊन आणली," ते कुजबुजले. "रिक्षाने. इथे कुणी पाहिलं असतं."

जन्मात पहिल्यांदा अंड्याला हात लावलेला माणूस. त्यातलं एक फुटून त्यांच्या बोटाला थोडं चिकटलं होतं, आणि ते बोट त्यांनी बाकीच्या हातापासून लांब धरलं होतं.

"सिस्टर, तुमच्याकडे उकडा. बारीक कुस्करा. मी पिठल्यात मिसळून देतो तिला. कळायचं नाही."

सिस्टर अंड्यांकडे बघत होत्या. काकूंना त्या वहिनी म्हणत. "वहिनींना विचारलं?"

"ती नको म्हणते."

"मग विषय संपला."

काकांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अहो, तुम्ही हे म्हणता? तुम्ही? सगळ्या बिल्डिंगला अंडं खा म्हणून सांगता!"

"जो खातो त्याला सांगते. मागितलं तर आत्ता उकडून देते, सोलून देते, भरवते. न मागता देणार नाही. आणि फसवून तर नाहीच नाही."

"ती जाईल हो, सिस्टर," काका म्हणाले, आणि एकदम खुर्चीवर बसून रडायला लागले. चिकट बोट तसंच वर धरून.

सिस्टरांनी ओला फडका आणला आणि लहान मुलाचं पुसावं तसं ते बोट पुसलं. "कशी जाईल? मी काय नुसतीच दुसऱ्या मजल्यावर राहते का? चला वर."

त्या दिवशी सिस्टरांनी काकूंच्या स्वयंपाकघरातली सगळी झाकणं उचलली. मोड आलेली मटकी, हरभरे, शेंगदाणे, दही, पनीर, नागलीचं सत्त्व, पालेभाजीवर लिंबू पिळलेलं, जेवणाबरोबरचा चहा बंद, डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर. सगळं दर दोन तासांनी, थोडं थोडं. आणि करायचं कुणी? काकांनी. काकांनी त्याआधी गॅस पेटवला असेल तर फक्त काड्यापेटी संपलीय का बघायला. पण माणूस इरेला पेटला. मटकी भिजवून फडक्यात बांधली, आणि दर तासाला गाठ सोडून बघू लागला. सकाळी सात वाजता ग्रुपवर हत्तीऐवजी मटकीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "अजून नाही." दुसऱ्या दिवशी, "थोडे दिसतात." तिसऱ्या दिवशी, "आले!!!" विकीने त्याला सर्वात आधी अंगठा दिला.

सिस्टर दिवसातून दोनदा वर जात. पलंगाशेजारी उभ्या राहत आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय हलत नसत. काकू कुरकुरत, "ही बाई स्वतः मटण खाते आणि मला पाला चारते." पण खात.

ती अंडी मात्र सिस्टरांकडेच राहिली. त्याच संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि रस्सा केला. अंडी सोलता सोलता त्या म्हणाल्या, "माझ्या आजीची गोष्ट सांगते. आमच्या गावात मेलेल्या जनावराचं मटण आमच्या वाट्याला यायचं. दुसरं कुणी देतच नव्हतं. धम्म घेतला, तेव्हा आजीने ते सोडलं. त्या वर्षी घरात खायला काही नव्हतं, पोरं रडायची. लोकं म्हणाले, आता काय खाशील? ती म्हणाली, ते मी ठरवीन." त्यांनी सोललेलं अंडं वाटीत ठेवलं. "आमच्या आजीने ठरवलं तसं वहिनींनी ठरवलं. मी कोण मधे येणारी? दुसऱ्याने माझ्या ताटात काय असावं हे ठरवलं तेव्हा मला कसं वाटलं होतं, ते तू पाहिलंस की पार्किंगमध्ये."

मी खाली मान घालून अंडी सोलत राहिले. रस्सा फार झकास झाला होता.

काकूंना उठून बसायला तीन आठवडे लागले, जिना उतरायला दोन महिने. नवा रिपोर्ट आला तो घेऊन काका धावत दुसऱ्या मजल्यावर आले. जिन्याने. "सिस्टर! रक्त वाढलं! बघा, शेवटी शाकाहारानेच बरी झाली!"

"शाकाहाराने नाही," सिस्टर म्हणाल्या. "गोळ्यांनी. आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या आधी जेवली म्हणून."

काकांनी यावर वाद घातला नाही. रिपोर्टाची घडी घालत ते म्हणाले, "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं हो."

सिस्टरांचे गुडघे नंतर फार दुखू लागले. मुलीने पुण्याला येण्याचा लकडा लावला होता. दोन वर्षं त्यांनी तो टाळला, मग एका मार्चमध्ये एकदम कबूल झाल्या. सामान आधीच टेम्पोने गेलं होतं. सकाळी जावई गाडी घेऊन आला. सगळी बिल्डिंग खाली जमली. सिस्टर पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर काकूंनी दिलेला डबा. काका खिडकीशी वाकून सूचना देत होते. सिन्नरच्या पुढे ऊन लागेल, पाणी प्या. तिकडची भाजी आपल्यासारखी नसते. फोन करत जा. तिकडच्या चेअरमनशी भांडू नका. सगळं सांगून झालं तेव्हा ते पुन्हा पाण्यापासून सुरू झाले.

सिस्टरांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्यांचं मनगट धरलं.

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "नाडी मोजतेय."

काका गप्प झाले. जावयाने गाडी सुरू केली होती, ती त्याने बंद केली. सिस्टरांनी डावा हात डोळ्यांसमोर धरला आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. आम्ही सगळे उभे होतो, कुणी हललंसुद्धा नाही. काका वाकलेलेच, तोंड दुसरीकडे वळवून. मीही घड्याळ पाहिलं. पुष्कळ नर्स अर्ध्या मिनिटावर मोजून दुप्पट करतात. सिस्टरांनी पूर्ण एक मिनिट मोजली, आणि मिनिट संपल्यावरही मनगट धरूनच ठेवलं.

मग त्यांनी हात सोडला, किती भरली ते सांगितलं नाही, आणि जावयाला म्हणाल्या, "चल."